बाळोत्यावरचा हिरवा डाग

इंदापूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत आम्ही पचनसंस्थेवर बोलायला गेलो होतो. नेहमीप्रमाणे सोबत सुतळीचा गुंडा होता. मोठ्या माणसाचे लहान आतडे सुमारे सहा मीटर आणि मोठे आतडे दीड मीटर. तेवढी सुतळी वर्गभर फिरवली की पुस्तकातल्या आकृतीपेक्षा मुलांना ते अधिक पटते. तोंडापासून गुदद्वारापर्यंत ही एकच सलग नळी आहे, असे आम्ही सांगत असताना नववीतल्या एका मुलीने विचारले, "सर, ही नळी मधेच बंद असली तर?"

आम्ही बद्धकोष्ठ, आतड्याला पडलेला पीळ असे काहीतरी सांगू लागलो. ती म्हणाली, "तसं नाही. जन्मल्यापासूनच बंद असली तर?"

मधल्या सुट्टीत तिच्या वर्गशिक्षिकेने उलगडा केला. काही वर्षांपूर्वी तिला भाऊ झाला होता. दुसऱ्या दिवसापासून तो हिरवे ओकू लागला. घरचे म्हणाले, दूध बाधले. गुटी उगाळून दिली, मग एरंडेल दिले. तिसऱ्या रात्री पोट नगाऱ्यासारखे झाल्यावर दवाखान्यात नेले, तिथून पुण्याला धाडले, आणि वाटेतच ते गेले. पाचवीची पूजा मांडायची तयारी घरात तशीच पडून होती.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर एका तासिकेत देण्याजोगे नव्हते. ते शोधायला वैद्यकाला पावणेतीनशे वर्षे लागली, आणि त्यातला बराच काळ नजर चुकीच्या जागी असल्यामुळे गेला. तो इतिहास इथे सांगतो आहोत.

आधी निरोगी बाळाच्या पोटात काय चालते ते पाहू. गर्भ तिसऱ्या महिन्यानंतर भोवतालचे पाणी गिळू लागतो. दिवस भरत आले की तो रोज अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक पाणी गिळतो. हे पाणी आतड्यात शोषले जाते, मूत्रावाटे पुन्हा बाहेर येते आणि पुन्हा गिळले जाते. त्याच सुमारास यकृतातून पित्त पाझरू लागते. जठराच्या पुढचा, लहान आतड्याचा पहिला वीतभर भाग म्हणजे आद्यांत्र. पित्ताची नळी तिथे उघडते. गिळलेल्या पाण्यातली लव, त्वचेच्या गळालेल्या पेशी, आतड्यातला चिकट स्राव आणि पित्त मिळून बाळाची ती पहिली डांबरासारखी काळपट हिरवी शी तयार होते. दिवस भरून जन्मलेल्या दहांपैकी नऊहून अधिक बाळांना ती पहिल्या चोवीस तासांत होते.

आता एक साधे तर्कशास्त्र. पित्त आद्यांत्रात येते. त्याच्या पुढे कुठेही वाट बंद असेल, तर पित्ताला खाली जाता येणार नाही. ते मागे फिरेल आणि तोंडावाटे येईल. बाळाने दूध टाकले तर ते पांढरे किंवा दह्यासारखे असते, त्यात बहुधा घाबरण्यासारखे काही नसते. पण हिरवी उलटी वाट अडल्याची खूण आहे, दूध न मानवल्याची नाही. तशी प्रत्येक हिरवी उलटी अडथळ्याचीच निघते असे नाही, पण ते ठरवायचे काम तपासणीचे असते, वाट पाहण्याचे नाही.

ही खूण हजारो वर्षे बाळोत्यांवर उमटत होती आणि ती बाळोती धुणाऱ्या बायका ती पाहत होत्या. शास्त्र लिहिणारे लोक मात्र बाळंतिणीच्या खोलीत क्वचितच जात. सुश्रुतसंहितेत अडलेल्या आतड्यावरची शस्त्रक्रिया सांगितली आहे: नाभीच्या खाली डावीकडे पोट उघडावे, आतडे बाहेर काढून अडथळा दूर करावा; छिद्र असेल तर काळ्या मुंग्यांकडून चावे घेववून कडा जुळवाव्यात. वर्णन थक्क करणारे आहे, पण ते चार दिवसांच्या बाळाचे नाही. गुदद्वार नसलेल्या बाळांची गोष्ट वेगळी, कारण तो दोष डोळ्यांना दिसतो. सातव्या शतकातला ग्रीक वैद्य पॉल ऑफ एजिना याने तिथे छेद देऊन वाट मोकळी करण्याची कृती लिहून ठेवली आहे. आतल्या बंद नळीची नोंद व्हायला शवविच्छेदनाचे युग यावे लागले. लहान आतड्याच्या अशा दोषाची पहिली नोंद गोलर याने १६८४ साली केली, आणि १७३३ मध्ये एडिंबरोच्या एका वैद्यकीय संग्रहात जेम्स काल्डर याने आद्यांत्र बंद असलेल्या बाळांचे वर्णन छापले. १८८९ मध्ये लंडनच्या ब्लँड-सटन याने या दोषाचे तीन प्रकार पाडले: आत नुसता पडदा, दोन टोकांना जोडणारी भरीव दोरी, आणि मधे काहीच नसलेली दोन सुटी टोके. हे सारे मेलेल्या बाळांचे ज्ञान होते.

आपल्याकडे या दोषाला वेगळे नाव मिळायला आणखी एक अडचण होती. नवजात बाळे इतक्या कारणांनी जात की एकेक कारण वेगळे काढणार कोण? नाळ कापण्यातून होणारा धनुर्वात पहिल्या दोन आठवड्यांत बाळे नेई. सटवाई सहाव्या दिवशी कपाळावर नशीब लिहिते, ही समजूत अशाच अनुभवांतून आली असावी असे आम्हाला वाटते. आनंदीबाई जोशींचे बाळ १८७८ मध्ये अवघे दहा दिवस जगले आणि त्या दुःखाने त्यांना डॉक्टर होण्याच्या वाटेवर नेले, हे आपण शाळेत शिकवतो. त्या काळी अशा बहुतेक मृत्यूंच्या कारणाची नोंदच होत नसे. भारतात नवजात बाळांचा धनुर्वात आटोक्यात आल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मान्य केले. मोठी कारणे मागे सरली की त्यांच्या आडोशाला लपलेली लहान कारणे दिसू लागतात. अडलेल्या आतड्यांचे तसे झाले.

आता मूळ प्रश्न: नळी बंद होते तरी का? पहिले चांगले उत्तर १९०० साली व्हिएन्नाचे शरीररचनाशास्त्रज्ञ युलियस टांडलर यांनी दिले. (पुढे हेच टांडलर व्हिएन्ना शहराच्या आरोग्य खात्याचे प्रमुख झाले आणि तिथे प्रत्येक नवजात बाळाच्या घरी कपड्यांचे गाठोडे पोचवण्याची योजना सुरू झाली.) त्यांनी मानवी गर्भांचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. सहाव्या आठवड्याच्या सुमारास आद्यांत्राच्या आतल्या पेशी इतक्या वेगाने वाढतात की पोकळी जवळजवळ बुजते. पुढच्या काही आठवड्यांत ती पुन्हा मोकळी होते. हे मोकळे होणे राहून गेले, तर वाट बंदच राहणार. आद्यांत्रापुरता हा खुलासा आजही साधारण मानला जातो. अशा बाळांपैकी तीन-चारांत एकाला डाउन सिंड्रोम असतो, हेही त्याच्याशी जुळते, कारण बिघाड गर्भाच्या घडणीच्या अगदी सुरुवातीचा असतो.

टांडलर यांचे उत्तर इतके नेटके होते की लोकांनी ते संपूर्ण आतड्याला लावून टाकले. पन्नास वर्षे ते तसेच शिकवले गेले. शास्त्रात नेटकी उत्तरे फार दिवस टिकतात, बरोबर असोत वा नसोत.

तोवर शल्यचिकित्सकांचे प्रयत्न चालू होते. रॉटरडॅमच्या फोकेन्स यांनी १९११ मध्ये लहान आतड्याची बंद टोके जोडून पहिले बाळ वाचवले. आद्यांत्राच्या दोषातले पहिले बाळ १९१४ मध्ये डेन्मार्कमध्ये एर्न्स्ट यांच्या हातून वाचले. पण अशी उदाहरणे विरळ होती. १९५० च्या सुमारास जगभरातल्या जवळपास दीड हजार नोंदी एकत्र केल्या, तेव्हा वाचलेली बाळे दहा टक्क्यांहूनही कमी भरली. टाके नीट घातले, जोड गळत नाही, तरी आतडे पुढे काही ढकलत नाही आणि बाळ जाते, असे पुन्हापुन्हा घडत होते.

इथे दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनचे शल्यचिकित्सक यान लोव यांचा प्रवेश होतो. त्यांनी अडथळ्याकडे पाहणे थोडे बाजूला ठेवले आणि अडथळ्याच्या खालच्या आतड्यात काय आहे ते पाहिले. तिथे पित्त सापडले. गर्भाची लव सापडली. वाट जर सहाव्या आठवड्यापासूनच बंद असेल, तर तिसऱ्या महिन्यानंतर पाझरणारे पित्त आणि त्याहून उशिरा उगवणारी लव पलीकडे गेली कशी? म्हणजे नळी आधी उघडी होती आणि मागाहून बंद झाली. शिवाय आतड्याला रक्तवाहिन्या पुरवणाऱ्या पडद्यालाही त्याच जागी खाच पडलेली दिसे. लोव यांचा कयास असा: गर्भाशयातच आतड्याच्या एका तुकड्याचा रक्तपुरवठा तुटतो, तो तुकडा मरतो, आणि गर्भाच्या आतड्यात जंतू नसल्यामुळे तो न सडता विरून जातो. उरतात दोन बंद टोके.

कयास सिद्ध करायचे काम त्यांच्या तरुण सहकाऱ्याकडे आले. त्याचे नाव ख्रिश्चन बर्नार्ड. १९६७ मध्ये माणसाच्या हृदयाचे पहिले रोपण केले तेच हे. बर्नार्ड यांनी गाभण कुत्रीचे गर्भाशय उघडून पिलाच्या आतड्याच्या एका भागाच्या रक्तवाहिन्या बांधल्या आणि पिलू परत आत ठेवून गर्भाशय शिवले. चाळीसहून अधिक वेळा प्रयोग फसला. शेवटी एक पिलू जन्मले, आणि त्याच्या पोटात बाळांमध्ये दिसतात तशीच दोन सुटी टोके निघाली. लोव आणि बर्नार्ड यांचा निबंध १९५५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. या प्रयोगात किती जनावरे गेली हे वाचताना आम्हाला आजही अवघडल्यासारखे होते. वर्गात सांगताना तो भाग गाळू नये असे वाटते.

या शोधाचा उपयोग लगेच दिसला. टोकाजवळचा भाग रक्ताअभावी दुबळा असणार, आणि अडथळ्याच्या वरचा भाग महिनोन्‌महिने ताणून फुगलेला असतो. तिथे आतडे तीन-चार सेंटिमीटर रुंद आणि खाली जेमतेम पेन्सिलीएवढे. वर्गात लांबट फुगा अर्धवट फुगवून पाहा. फुगलेला भाग आणि मागे राहिलेली शेपटी, दोन्हींत हवेचा दाब सारखाच. पण बोटाने दाबले तर फुगलेला भाग ताठ आणि शेपटी मऊ लागते. दाब तोच असताना नळी जितकी रुंद तितका तिच्या भिंतीवरचा ताण जास्त, हा लाप्लासचा नियम. ताणलेल्या भिंतीतल्या स्नायूंना आकुंचन पावून आतला माल पुढे रेटता येत नाही. जोड कितीही सुबक असो, वरचा पंपच निकामी असतो. म्हणून लोव यांनी फुगलेल्या टोकाचा दहा-पंधरा सेंटिमीटरचा भाग कापून टाकायला सुरुवात केली आणि मगच उरलेली टोके जोडली. नुसत्या जोडणीने त्यांच्याकडे २८ टक्के बाळे वाचत होती, ती ७८ टक्के वाचू लागली.

नजर चुकीच्या जागी असल्याचे दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हारल्ड हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ मध्ये बर्लिनच्या परिषदेत दोन बाळांची हकिकत सांगितली. दोघांना जन्मापासून शी होत नव्हती, पोट फुगत गेले होते. मृत्यूनंतर पाहिले तर मोठे आतडे प्रचंड रुंद आणि जाड. पण अडथळा कुठेच नाही! नळी शेवटपर्यंत उघडी. रोग त्या रुंद भागात आहे असे साहजिकच सगळ्यांना वाटले आणि पुढची साठ वर्षे डॉक्टर तोच भाग कापत राहिले. मुले बरी होत नव्हती.

रोग रुंद भागात नव्हताच. त्याच्या खालचा, अगदी साधा दिसणारा अरुंद भाग आजारी होता. आतड्याच्या भिंतीत चेतापेशींचे बारीक पुंजके असतात. त्यांच्या सांगण्यावरून स्नायू लाटेसारखे आकुंचन-प्रसरण पावतात. अशा मुलांच्या शेवटच्या भागात ते पुंजकेच नसतात. तिथले आतडे सैल पडत नाही, लाट तिथे येऊन थांबते, आणि वरचा बिचारा निरोगी भाग रेटून रेटून फुगतो. १९४८ मध्ये अमेरिकेत ऑर्व्हर स्वेन्सन यांनी तो अरुंद भाग काढून निरोगी आतडे खाली ओढून गुदद्वाराशी जोडले, आणि मुले बरी झाली.

त्या चेतापेशी तिथे का नसतात याचे उत्तर पुढे पक्ष्यांच्या अंड्यांतून मिळाले. लाव्याच्या पेशींचे केंद्रक सूक्ष्मदर्शकाखाली ओळखू येते. फ्रान्सच्या निकोल ल दुआरँ यांनी लाव्याच्या गर्भातल्या पेशी कोंबडीच्या गर्भात बसवल्या आणि त्या कुठे जातात याचा माग काढला. आतड्याच्या बहुतेक चेतापेशी मानेच्या भागात जन्मतात आणि तिथून चालत चालत आतड्याच्या शेवटापर्यंत पोचतात, असे १९७३ पर्यंत स्पष्ट झाले. माणसात हा प्रवास पाचव्या ते बाराव्या आठवड्यात होतो. तो वाटेत थांबला, की पुढचा भाग मुका राहतो. या प्रवासासाठी लागणाऱ्या एका जनुकातला बिघाड १९९४ मध्ये सापडला.

क्ष-किरणांची कथा थोडक्यात सांगून पुढे जाऊ. बाळ पहिल्या श्वासाबरोबर हवा गिळते आणि ती दिवसभरात आतड्याच्या शेवटापर्यंत पोचते. क्ष-किरण चित्रात हवा काळी दिसते, म्हणजे निदानाचे औषध बाळ स्वतःच घेऊन येते. आद्यांत्र बंद असेल तर हवेचे दोनच बुडबुडे दिसतात. गुदद्वार नसलेल्या बाळाला उलटे धरून क्ष-किरण चित्र घेण्याची युक्ती वांगेनस्टीन आणि राइस यांनी १९३० मध्ये सुचवली: हवा वर चढते आणि बंद टोक त्वचेपासून किती दूर आहे ते कळते. आज गर्भारपणातल्या सोनोग्राफीतही तेच दोन बुडबुडे दिसू शकतात, पण बहुधा सहाव्या महिन्यानंतर. पाचव्या महिन्यातली तपासणी चांगली निघाली म्हणून पुढे काहीच निघणार नाही असे नसते. गर्भजल प्रमाणाबाहेर वाढले असेल तर तीही एक खूण, कारण गिळलेले पाणी शोषले जायला पुढची वाट मोकळी नसते.

शस्त्रक्रिया जमली तरी एक कोडे उरत होते. आतडे चालू व्हायला दोन-तीन आठवडे लागले तर बाळाने तोवर खायचे काय? १९६७ मध्ये फिलाडेल्फियात जवळजवळ सगळेच लहान आतडे गमावलेली एक मुलगी होती. डड्रिक आणि विल्मोर यांनी तिला साखर, अमायनो आम्ले, क्षार, जीवनसत्त्वे असे सगळे अन्न मोठ्या शिरेतून दिले. ती वाढली, तिचे डोके वाढले, वजन वाढले. ती सुमारे बावीस महिने जगली. तिच्यावरून शिकलेल्या पद्धतीवर नंतर असंख्य बाळे ते मधले आठवडे तरून गेली.

हे ज्ञान आपल्याकडे मोठ्या शहरांत आले. मुंबईला परळमध्ये वाडिया बालरुग्णालय १९२९ पासून होते. बालशल्यचिकित्सकांचा देशपातळीवरचा गट भारतीय शल्यचिकित्सक संघटनेची शाखा म्हणून १९६५ मध्ये स्थापन झाला. बारामतीला २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण चार दिवसांच्या बाळाचे आतडे जोडायला एकटा सर्जन पुरत नाही. इतक्या लहान जिवाला भूल देणारे, त्याला उबेत ठेवणारा विभाग, शिरेतून अन्न देण्याची सोय, रात्री जागणाऱ्या परिचारिका, असे सगळे एकत्र लागते. म्हणून अजूनही पुष्कळदा पुण्याचा रस्ता धरावा लागतो. बारामतीहून तो सुमारे शंभर किलोमीटर, इंदापूरहून त्याहूनही लांब.

हा प्रश्न दोन तालुक्यांत कितीसा असणार, असे कोणी म्हणेल. त्या शाळेत आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. २०११ च्या जनगणनेत बारामती आणि इंदापूर तालुक्यांची लोकसंख्या मिळून सुमारे ८ लाख १२ हजार. दर हजारी १५-१६ जन्म धरले तर वर्षाला १२ ते १३ हजार बाळे. आद्यांत्र बंद असणे, लहान आतडे बंद असणे, हिर्शस्प्रुंगचा आजार आणि गुदद्वाराचा दोष ही प्रत्येक गोष्ट सुमारे पाच हजारांत एका बाळात आढळते. म्हणजे प्रत्येकीची वर्षाला दोन-तीन, आणि चारही मिळून आठ-दहा बाळे. साखर कारखान्यांच्या हंगामात ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांच्या कोप्यांत जन्मणारी बाळे या हिशेबात धरलेलीच नाहीत.

आणि ही बाळे याद्यांतूनही निसटतात. बालकांच्या आरोग्य तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघरला सुरू झाला. त्यातल्या जन्मजात दोषांच्या मूळ यादीत नऊ नावे होती: दुभंगलेला ओठ, वाकडे पाऊल, हृदयाचे दोष वगैरे. बंद आतडे त्यात नव्हते. यादी करणाऱ्यांचा दोष आम्ही काढत नाही. वाकडे पाऊल सहा महिन्यांनी तपासणीला आले तरी समोर असते. बंद आतड्याचे बाळ तोवर उरतच नाही. २०२१ मध्ये 'लॅन्सेट'ने ७४ देशांतल्या रुग्णालयांचा अभ्यास छापला. पोटाचे असे जन्मजात दोष असलेल्या बाळांपैकी श्रीमंत देशांत ५.६ टक्के, मध्यम उत्पन्नाच्या देशांत २०.४ टक्के आणि गरीब देशांत ३९.८ टक्के दगावली होती. टाके घालण्याची रीत सगळीकडे एकच आहे. बाळ गारठलेले, सुकलेले, जंतुसंसर्ग झालेले असे पोचते, तिथे हा फरक पडतो.

मधल्या सुट्टीतल्या त्या बोलण्यात वर्गशिक्षिकेने आम्हाला सरळच विचारले, "मग आम्ही सांगायचं काय?" तेवढे सांगणे सोपे आहे. हिरवी उलटी झाली, किंवा चोवीस तासांत पहिली शी झाली नाही, किंवा पोट फुगले, तर तासांचा हिशेब सुरू होतो. काही बाळांत आतड्याला पीळ पडलेला असतो आणि तेव्हा तर काही तासांतच सगळे आतडे मरू शकते. गुटी, एरंडेल यांनी बंद नळी उघडत नाही. पोटावर बिब्बा घालणे किंवा डाग देणे म्हणजे आधीच दमलेल्या जिवाला आणखी एक जखम. आशाताईंना किंवा जवळच्या दवाखान्याला लगेच कळवावे, १०८ ला फोन करावा. पोट बंद वाटत असेल तर डॉक्टर तोंडाने दूध थांबवायला सांगतात आणि नाकातून बारीक नळी घालून जठर रिकामे करतात, म्हणजे वाटेत उलटी श्वासनलिकेत जात नाही. निघण्यापूर्वी ती नळी घातली आहे ना, ते विचारून घ्यावे. प्रवासात बाळ आईच्या किंवा बापाच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून, वरून पांघरूण घालून न्यावे.

बाई हे वहीत उतरवून घेत होत्या. ती मुलगी शेजारीच उभी होती. तिने विचारले, "ते डाग पडलेलं बाळोतं आईनं धुऊन टाकलं होतं. ते न्यायला पाहिजे होतं का?"

हो. ते न धुता सोबत न्यावे. रंग सांगण्यात चूक होते, डॉक्टरांनी स्वतः पाहिलेला बरा.